भीमरावच्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल

बाभुळगावच्या स्टँडवरून यवतमाळची पहिली बस पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक धोतर, बीपीच्या गोळ्या आणि हातोडी होती. "सत्त्याहत्तराव्या वर्षी हातोडी घेऊन कुठे निघाले, बाबा?" सुनेने विचारलं. एक्सल शोधायला, मी म्हटलं. हे खरं होतं, पण अर्धंच.

आठ दिवसांपूर्वी भीमराव आत्रामचा फोन आला होता. तो झरी जामणीकडच्या एका पोडावर (कोलाम आदिवासींची वस्ती) राहतो. वीसेक वर्षांपूर्वी त्याचा आणि त्याच्या भावाचा, मोतीरामचा, जुना ट्रॅक्टर मी दुरुस्त करून दिला होता. चौथ्याच दिवशी उतारावर पुढचं चाक निखळलं, ट्रॅक्टर नाल्यात उलटला आणि मडगार्डवर बसलेला मोतीराम खाली दबून गेला. चालवत होता भीमराव. तो प्यायलेला होता, असं पुढे सगळेच म्हणाले. सगळ्यात आधी म्हणालो तो मी.

"मिस्त्री," तो फोनवर म्हणाला, "ट्रॅक्टर पुन्हा उभा करतो म्हणतो. पुढचा एक्सल भेटन का कुठी? ते मॉडेल तुमच्याशिवाय कोणाले समजत नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला आठ दिवस झोप आली नाही. एक्सल न्यायचा आणि सगळं सांगून यायचं, असं ठरवून मी निघालो.

यवतमाळला पार्टच्या दुकानात काउंटरवरचा माणूस मॉडेलचं नाव ऐकून हसलाच. "काका, ते आता लोकाईच्या लग्नाच्या फोटोतच दिसते. डुप्लिकेट देऊ का?"

"नको."

"काहून? सारेच नेतात."

"म्हणूनच नको."

त्याने फुलसावंगीच्या एका भंगारवाल्याचा पत्ता दिला. आर्णीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, मधल्या ओळींत तूर पिवळी झालेली. पाठीला कापसाची ओटी बांधलेल्या बाया वाकून वेचत होत्या. वाटेत बस पंक्चर झाली. टपरीवर आलूबोंडा आणि तर्री (तिखट लाल रस्सा) खाल्ली, आणि असा ठसका लागला की टपरीवाली म्हणाली, "बाबा, दूध-पोळीचं वय हाय तुमचं, तर्रीच्या वाट्याले कायले जाता?"

फुलसावंगीला त्या भंगारवाल्या करीमभाईच्या वाड्यात पंधरा-वीस ट्रॅक्टर गाजरगवतात उभे होते. बॉनेट उघडी, आत काही नाही.

"इंजिनं कुठे गेली?"

"इंजिन पह्यले जाते, चाचा. कोणाच्या थ्रेशरवर, कोणाच्या पंपावर. माणूस मेला की डोळे काढून नेतात ना, तसं."

एका कोपऱ्यात आमचं मॉडेल सापडलं. डावा स्टब एक्सल, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर फिरतं तो लोखंडी खुंट, जागेवर होता. तो काढायला दुपार गेली. मग मी तो तारेने बाभळीला टांगला आणि हातोडीने ठोकला.

"काय चाचा, मंदिर बांधून राह्यले का?" करीमभाई हसला.

आमच्या धंद्यात लोखंड असंच तपासतात. धड असेल तर नाद लांबतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. हा एक्सल चांगला घणघणला. ऐकता ऐकता मी तिथेच एका टायरवर बसलो.

कारण वीस वर्षांपूर्वीही मी ठोकून पाहिलं होतं. भीमरावचा एक्सल चिरला होता. नवा एक्सल नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते, पेरणी तोंडावर होती, आणि "माझ्याकडे नाही" म्हणायची मला सवय नव्हती. मी चिरेवर वेल्डिंग केलं, कानशीने घासलं, काळा रंग मारला. ठोकलं तर आवाज बद्द आला. तरी बसवला आणि नवीन आहे म्हणून सांगितलं. अपघात झाल्यावर पोलिसांनी मला जाणकार म्हणून बोलावलं. पंच जमण्याआधी मी नाल्यात उतरलो आणि वेल्डिंगवरच मोडलेला तुकडा पिशवीत टाकला. पंचनाम्यात म्हणालो, गाडी ठीक होती, ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येत होता. खाली सही केली. तो तुकडा परतताना बेंबळा नदीच्या पात्रात फेकला.

दुसऱ्या दिवशी आर्णी, घाटंजी, पांढरकवडा. कंडक्टर एक्सल बांधलेल्या पोत्याला पाय लावून म्हणाला, "बाबा, तोफ नेऊन राह्यले का?" पुढे सागाचं जंगल लागलं. शेवटचे तीन किलोमीटर एका दुधवाल्याच्या मोटरसायकलवर, एक्सल मांडीवर घेऊन गेलो.

भीमरावचे केस पांढरे झाले होते. त्याच्या बायकोने भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. मी ताटाला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं त्याच क्रमाने. तो एक्सलकडे पाहत ऐकत राहिला.

"मले वाटे, माह्याच हातून वळण चुकलं," तो शेवटी म्हणाला. "माय मेली मागच्या पोळ्याले. मरेपर्यंत माह्या हातचं पाणी नाही पेली ते."

मग तो उठला. "हे इथं सांगून काय होते, मिस्त्री? चावडीत सांगा."

कोलामांच्या पोडाच्या मधोमध चावडी असते. गावाची गोष्ट तिथे बोलली तरच बोलली. अपघातानंतर भीमराव तिथे कधी बसला नव्हता. त्या संध्याकाळीही तो बाहेरच उभा राहिला. नाईकाने (पोडाचा प्रमुख) माणसं जमवली. मोतीरामची बायको जंगूबाई आली. मी सगळं पुन्हा सांगितलं.

शेवटी जंगूबाईने विचारलं, "तो तुकडा कुठी हाय?"

"नदीत फेकला."

"मंग? तवा पोलिसाच्या कागदावर सही करून सांगतलं, ते आमी खरं मानलं. आता म्हातारपणी नुसत्या तोंडानं येऊन उलटं सांगता. बाहेर उभा हाय त्यानंच तुमाले शिकवून आणलं नसन कशावरून?"

ती उठून गेली. भीमराव बाहेरून हे सगळं ऐकत होता.

सकाळी तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. एक्सल त्याने ठेवून घेतला. तो बसवणार की नाही ते बोलला नाही. बस दिसल्यावर म्हणाला, "तुमाले हलकं वाटत असन आता." टोमणा होता की विचारपूस, कळलं नाही. "नाही," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर जंगल संपून पुन्हा कापूस लागला. माझ्या मनात जंगूबाईचं बोलणं चालू होतं. तिचं चुकलं नव्हतं. खोटं मी कागदावर सांगितलं होतं आणि खरं सांगायला मात्र नुसतं तोंड घेऊन गेलो होतो. म्हणून घरी आल्यावर हे लिहायला बसलो. याची एक प्रत सही करून ठाण्यात देणार आहे. दुसरी घेऊन पुन्हा त्या चावडीत जाणार आहे. जंगूबाई ऐकेल असं मला वाटत नाही. तरी वाचून दाखवीन. त्या दिवशी भीमराव आत्राम प्यायलेला नव्हता. एक्सल चिरलेला होता, तो मी जोडला होता, आणि मला ते माहीत होतं.