कुरुळीचा बैलचोर

चाकणच्या भर बाजारातून मी एका माणसाला बेडी घालून नेलं, ते दृश्य इतक्या वर्षांनीही डोळ्यांसमोरून हलत नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आज जिथं कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या असतात, तिथं तेव्हा भुईमुगाची वावरं होती. मी नवा फौजदार, मूळचा रत्नागिरीचा. टोपी नवी, पट्टा नवा आणि अक्कल फारशी वापरली नसल्यामुळे तीही नवीच.

गावची यात्रा तोंडावर आली होती. एक तरुण बागायतदार ठाण्यात आला. गोठ्यातला शर्यतीचा बैल चोरीला गेला म्हणाला. फिर्याद लिहून घेतोय तोवर खबऱ्यानं सांगितलं, बैल कुरुळीत एका शेतकऱ्याच्या दारात आहे. गेलो, तर बैल निवांत कडबा खात उभा.

"हा तुझा?"

"न्हाई."

"मग कुणी दिला?"

"ते न्हाई सांगता यायचं, सायेब."

मुद्देमाल समोर, खुलासा नाही. पंचनामा केला, बेडी घातली आणि बाजारातून मिरवत ठाण्यात आणलं. त्याच गर्दीत त्याच्या लेकीचे होणारे सासरे उभे होते, हे हवालदारानं मला नंतर सांगितलं. लग्न नुकतंच ठरलं होतं.

चौकशीत मी आवाज चढवला. टेबलावर रूळ आपटला, तो माझ्याच बोटावर बसला.

"लागलं का, सायेब?" एवढंच तो बोलला.

शेवटी बैलाची ओळख पटवायला फिर्यादीच्या वडिलांना मळ्यातून बोलावलं. म्हातारा आला, तो कोठडीकडे बघतच म्हणाला,

"बैल म्याच दिलाय. आमचा जुना पैरा हाय. शर्यतीला एक बैल त्याचा, एक माझा. कागद न्हाई, काय न्हाई, शब्दावर चालतंय."

"मग मुलाला का नाही सांगितलं?"

"मागल्या यात्रेत पोराचं न् ह्याचं वाजलंय. म्हणलं, शर्यतीच्या घाटात गाडा पहिला आला की पोरगं काय बोलंल?" मग तो कोठडीकडे वळला. "अरं, तोंड उघडायचं न्हाईस व्हय?"

"तुमीच सांगू नको म्हणला व्हता न्हवं."

अटक बरोबर की चूक, यावर ठाण्याच्या पडवीतच वाद पेटला. मुलगा म्हणाला, "बैल त्याच्या दारात घावला. सायबांनी काय पत्रिका बघायची?" म्हातारा म्हणाला, "आधी मला इचारायचं. गोठ्याचा मालक अजून जित्ता हाय." हवालदारानं कलमाचा आधार दिला. मी जोरात मान डोलावली.

कुरुळीकर मात्र हळूच म्हणाला, "तुमचं कलम ऱ्हाऊ द्या, सायेब. व्याही अजून बाजारातच हायेत. मी त्यांच्या म्होरनं घरी कसा जाऊ, तेवढं सांगा."

यावर कलम नव्हतं. मी बेडी काढली, बैलाचा कासरा स्वतः धरला आणि कुरुळीकराला बरोबर घेऊन बाजारात शिरलो. व्याह्यांसमोर थांबून मोठ्यानं म्हणालो, "बैल पैऱ्याचा आहे. चूक माझी झाली." एवढ्यात बैल उधळला. त्यानं मला कांद्याच्या ढिगातून फरफटत नेलं. टोपी एकीकडे, बूट दुसरीकडे. कुरुळीकरानं नुसतं "हो, राजा" म्हटलं आणि बैल उभा राहिला.

बाजार पोट धरून हसला. व्याह्यांनी माझी टोपी उचलली, झटकली आणि ते कुरुळीकराला म्हणाले, "चला पाव्हणं, च्या घेऊ. फौजदारालाबी पाजा, लई पळालाय."

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पंगतीतही अटकेचा वाद चालूच होता आणि बुंदी वाढता वाढता मला पंच केलं गेलं. फिर्याद होती, मुद्देमाल होता. अटक कायद्यात बसत होती, असंच मी सांगितलं. आजही सांगेन. पण गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवत असतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं कुणास ठाऊक. पुढच्या साऱ्या नोकरीत कुणी असा गप्प बसला, की मी आधी शोधत असे, हा कुणाला दिलेला शब्द पाळतोय.