लिंबाजी मिस्त्रीची जाळी

लिंबाजी मिस्त्रीकडून खत फेकायचं मशीन घ्यायचं, तर गिऱ्हाइकाला घरून एक जुना सदरा आणावा लागे. स्वतःचा. भावाचा किंवा गड्याचा आणलेला चालत नसे. मिस्त्री तो गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून बघे आणि खोटा निघाला तर परत पाठवी. मग त्या सदऱ्याच्या एका बाहीत कडबा ठासून भरी, तोंड सुतळीनं आवळी, मशीनची जाळी काढी, ट्रॅक्टर सुरू करी आणि ती बाही मागच्या दातेरी रुळांपुढे धरी. बाही जाई. पाठोपाठ सदरा जाई. पलीकडे भुसा उडे आणि दोन-तीन गुंड्या पडत. त्या वेचून तो गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवी. "घरी ने. कारभारणीला दाव, मागं काय उरतं ते."

एका म्हाताऱ्याला हे बघून तिथंच भोवळ आली होती. टँकरच्या पाण्यातलं अर्धा तांब्या पाणी मिस्त्रीनं त्याच्या तोंडावर मारलं आणि तो डोळे उघडेपर्यंतही न थांबता विचारलं, मशीन न्यायचंय का नाय. दुष्काळात गुरांना कडब्याची काडी मिळत नसताना हा माणूस मशीनला कडबा चारतो, असं लोक बोलत. तो म्हणे, एक पेंडी गेली तर गेली, हात गेल्यावर कडबा कापाया कोण येणार हाय?

मी त्याच्याकडे गेले ते मशीन घ्यायला नव्हे. वाळूजच्या कारखान्यांत प्रेसखाली बोटं गेलेल्या कामगारांची आमची संघटना यादी करत होती, आणि लिंबाजीच्या डाव्या हाताची तीन बोटं अशाच एका प्रेसनं खाल्ली होती. तो कंत्राटी होता. दवाखान्यातून परत आला तेव्हा हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. तो माणूस तिथं कधी कामाला होता हेच कुणी कबूल करीना. मग त्यानं वाळूजच्या पुढे रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली आणि शेतीची अवजारं जोडायला लागला. मी त्याला आमचं पत्रक दिलं. त्यानं ते उभ्याउभ्या, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. असं पत्रक वाचणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

"लई भारी लिहिलंय," तो म्हणाला. "ह्यात तीव्र निषेध कितींदा आलाय?"

मी म्हटलं, मोजलं नाही.

"पाचदा. आन जाळी एकदाबी नाय."

प्रेसला जाळी असती तर बोटं राहिली असती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पत्रकात जाळी कशी लिहायची ते मला येत नव्हतं. निषेध येत होता. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी पत्रकबाई झाले. यादीत नाव द्यायला त्यानं साफ नकार दिला. तरी मी जात राहिले. अपमान करून घ्यायला कुणी आपण होऊन जात नाही, मी जात होते. कारण तो अपमान करताना काहीतरी शिकवत असे आणि आमच्या बैठकांत शिकवताना अपमान करत.

त्याचं घराणं मेंढरांमागं फिरलेलं. बाप रानोमाळ कळप नेई आणि शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवी. रात्रभर बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावे आणि बदल्यात जोंधळा मिळे. पुढे रानांचे प्लॉट पडले, वाटा बुजल्या, कळप विकला. पण खत सारखं पडलं पाहिजे हे लिंबाजीच्या अंगात भिनलेलं. ट्रॉलीच्या तळाला साखळी, साखळीवर पट्ट्या, त्या पट्ट्या शेणखत मागं ओढत आणतात आणि मागचे दोन दातेरी रूळ ते कुटून वावरभर फेकतात. एवढंच ते मशीन. पण एका जागी ढीग आणि दुसऱ्या जागी कोरडं असं झालं की तो स्वतःला शिव्या देई. "माझ्या बापाची मेंढरं अडाणी होती. त्यांनाबी सारखं टाकता येत होतं."

त्या मशीनचा खरा जीव जाळीत होता. रुळांच्या वरून आणि बाजूंनी जाड सळयांची जाळी, चार नटांनी आवळलेली. त्यातले तीन नट कुणालाही सहज काढता येत. चौथा त्यानं मुद्दाम फिरत्या शाफ्टच्या इतका जवळ बसवला होता, की ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय त्याला पाना लागतच नसे. शेतकरी चिडत. म्हणत, मिस्त्री, हा नट चुकीच्या जागी बसलाय. मिस्त्री म्हणे, नट बरोबर हाय, तुझी घाई चुकीची हाय. ज्यांनी जास्त हुज्जत घातली त्यांना तो आपला डावा हात दाखवी आणि उरलेल्या दोन बोटांनी शेडबाहेरची वाट दाखवी. एका सरपंचाला त्यानं असंच घालवलं. सरपंच म्हणाला होता, माझं नाव ठाऊक नाही का? मिस्त्री म्हणाला, मला ठाऊक हाय, मशीनला कोन सांगंल?

सलग दुष्काळ पडला त्या दोन वर्षांत ही जाळी लोकांच्या डोळ्यांत सलायला लागली. गावांतली जनावरं छावणीत गेली किंवा बाजारात. घरचं शेणखत उरलं नाही. खत आणायचं तर शहराच्या कडेच्या तबेल्यांतून, आणि तबेल्यांचे उकिरडे म्हणजे शहराचाच कचरा. मी राहते त्या पुंडलिकनगरच्या आजूबाजूला एकेका वावरावर इमारती चढल्या, तशा आमच्या कॅरीबॅगा, फाटक्या साड्या, गाद्यांच्या खोळी, नाड्या, पोती शेणात जाऊन पडल्या. हे खत मशीनमध्ये घातलं की दर फेरीला रुळांवर चिंध्या गुंडाळल्या जात आणि रूळ अडकत. ट्रॅक्टर बंद करा, चार नट काढा, चिंध्या कापा, नट लावा, पुन्हा सुरू करा. मिस्त्रीनं एकदा रुळावरून सोडवलेला एक गाऊन माझ्यापुढे धरला होता. "पत्रकबाई, तुमच्या पुंडलिकनगरानं पाठिवलाय. वळखीचा हाय का?"

शेजारच्या शेडवाल्यानं मग बिनजाळीची मशीनं करायला घेतली. ती भराभर खपली. लिंबाजीकडची दोन मशीनं वर्षभर उन्हात उभी राहिली. तरी त्यानं जाळी सोडली नाही. लोक म्हणत, हट्टी आहे. मी म्हणत असे, हा एकटा माणूस आमच्या सगळ्या संघटनेपेक्षा जास्त काम करतो आहे. अजूनही तसंच म्हणते, पुढचं माहीत असूनही.

त्याची एकुलती एक मुलगी सुनंदा गंगापूरकडे दिली होती. व्याह्याचं नाव माणिकराव. तिकडच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाई या शब्दापुढे मुलीचा बाप किती खाली वाकतो, ते मी त्या शेडमध्ये पाहिलं. माणिकरावांनी मशीन आधीच नेलं होतं. त्यांचा ट्रॅक्टर जुना, बॅटरी मेलेली. एकदा बंद झाला की चार माणसांनी उतारावरून ढकलावा तेव्हा सुरू होई. दर चिंधीला बंद करणं त्यांना परवडेना. एके दुपारी ते मशीन घेऊनच आले. मी यादीच्या कामानं तिथंच होते. मिस्त्रीनं खाट झटकली, चहा सांगितला. माणिकरावांनी चहाला हात लावला नाही.

"इवाई," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमची जाळी लई जपता तुमी. मग पोरीलाबी आणून ठिवा हितंच. तिलाबी लावा एक जाळी."

मिस्त्री उठला. सरपंचाला घालवणारा माणूस. त्यानं गॅस कटर पेटवला आणि ती जाळी सळई-सळई कापून काढली. चौथा नटसुद्धा. सदरा मागितला नाही. घरचा मामला आहे, असं मला वाटलं. कारखान्याच्या फाटकावर घसा फोडणारी मी, घरचा मामला म्हणून गप्प बसले.

मशीनच्या मागं विळा घेऊन चालायचं आणि चिंध्या ओढायच्या, हे काम माणिकरावांच्या घरात सुनेचं होतं. ट्रॅक्टर चालूच. पंधरा दिवसही गेले नाहीत. आधी पदर गेला, मग उजवा हात कोपरापर्यंत. ट्रॅक्टरवर नवरा होता. त्याला म्हणे आवाज ऐकू आला नाही, रूळ अडकल्यावर इंजिन ओढायला लागलं तेव्हा त्यानं मागं पाहिलं.

सुनंदा दवाखान्यात असतानाच माणिकरावांचा निरोप आला: शाफ्ट वाकलाय, पेरणीआधी सरळ करून द्या. आणि लिंबाजी गेला. वेल्डिंगचं सामान घेऊन, मोटारसायकलवर, गेला. शाफ्ट सरळ केला. रुळांवर जे गुंडाळलं होतं ते त्यानंच विळ्यानं कापून काढलं: पोत्याचे तुकडे, शहरातल्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची पिशवी, मुलीचा पदर, बांगड्यांच्या काचा. मशीन चालवून दाखवलं. परत आल्यावर मी त्याच्यावर ओरडले, तेव्हा तो म्हणाला, पोरीला नांदायचंय. एवढंच.

तिला नांदवलं नाही. टाके निघाले त्या आठवड्यात माणिकरावांनी तिला शेडपुढे उतरवलं आणि जाताना सांगितलं, हिच्या हातचं आता काय खायचं? हे त्यांचे शब्द. मी माणिकरावांचं नाव घालून पत्रक लिहिलं. लिंबाजीनं ते अडवलं. अजून त्याला आशा होती. वर्षानं नवऱ्याचं दुसरं लग्न झालं, तेव्हा तो आपण होऊन आमच्या कार्यालयात आला. पहिल्यांदाच. वहीच्या कागदावर त्याच्या हातचा मजकूर होता: माझ्या मुलीचा हात माझ्यामुळे गेला. जाळी मी कापली. खाली सही. हे छापा आणि प्रत्येक शेडवर लावा, म्हणाला.

आमच्या बैठकीत ते नामंजूर झालं. जखमी कामगारालाच आरोपी करणारं पत्रक आपण काढू शकत नाही, असं ठरलं. कारखाना आणि सरंजामी मानसिकता यांच्यावर काढू, असं ठरलं. मी हात वर केला होता, नामंजुरीच्या बाजूनं. निरोप द्यायला मलाच पाठवलं. तो हसला. "तुमाला मालक लागतो, पत्रकबाई. मालक नसला की तुमचं पत्रक निघत नाय."

मग त्यानं तो कागद आपल्याच शेडमध्ये टांगला, येणाऱ्याला आधी दिसेल असा. लोक वाचत. लोकांनी काय करावं? ते म्हणत, इवायाची कापली ना, मग आमचीबी काप की. त्यानं पुन्हा कुणाची कापली नाही. मशीनं उन्हात गंजली. शेजारच्या शेडवाल्यानं विकलेल्या मशीनवर तो वावरावावरात जाऊन, न विचारता जाळ्या जोडायला लागला. एका वावरात त्याला त्यापायी मारलं. गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तो दहा-बारा दिवसांत गेला.

तेराव्यानंतर मी शेडवर गेले. सुनंदा जमिनीवर बसून डाव्या हातानं नट-बोल्ट निवडत होती; शेजारचा शेडवाला भंगाराच्या भावात सगळं घेणार होता. मी तिला म्हटलं, तुझ्या अण्णांवर लिहिणार आहे. जाळी कुणी कापली तेही लिहिणार, आणि स्वतःचा गुन्हा स्वतः टांगणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, तेही.

तिनं हातातला नट डब्यात टाकला. मग सांगायला लागली, जणू दुसऱ्याच कुणाचं. मशीन नेल्यावर पंचमीला ती माहेरी आली होती. तेव्हाच बापाला म्हणाली होती, अण्णा, त्यांच्या ट्रॅक्टरला एक बॅटरी द्या, म्हणजे बंद-चालू करता येईल, जाळी काढायची पाळीच येणार नाही. अण्णा म्हणाले, लग्नात दिलं तेवढं बास. आज बॅटरी दिली की उद्या टायर मागतील. त्यांची सवय मोडली पाहिजे.

कागद भिंतीवर तसाच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लिहा ना," ती म्हणाली. "पर बॅटरीबी लिहा. जाळीचं तेवढं सांगून मोकळे झाले ते."