राउटरमागची चिकटपट्टी

देवरामभाऊंनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सचं काम केलं. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता: मशीनला हात लावलात, तर काय बदललंत ते चिकटपट्टीवर लिहा, तारीख टाका, खाली सही करा. रिटायर झाल्यावर मानपाड्याच्या घरातल्या मिक्सरलासुद्धा अशी पट्टी होती. दुसऱ्याच्या कामावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या सकाळी सून उत्तराच्या लॅपटॉपवर एकही साइट उघडेना. अकराला तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, दोन वर्षांच्या खंडानंतरचा पहिला. घरात मोबाइलची रेंज नावालाच. भाऊंनी केबलवाल्या राजरत्नला फोनवर फैलावर घेतलं, आणि तो जिन्यात दिसताच शेजाऱ्यांदेखत पुन्हा. "कामचोर कुठला! लाइन बंद पाडून झोपा काढतोस?"

राजरत्न सरळ आत येऊन लॅपटॉपसमोर बसला. साइटच्या नावाऐवजी त्याने आधी तिचा नुसता नंबर टाकून पाहिला, उत्तर आलं. मग नाव टाकलं, उत्तर नाही. "काका, लाइन चालू आहे. आपण नाव टाकतो, त्याचा नंबर शोधून देणारा एक सर्व्हर असतो. त्याचाच पत्ता राउटरमध्ये चुकलाय. कोणीतरी हाताने टाकलेला दिसतोय."

भाऊंनी चटकन राउटरकडे पाहिलं. काल संध्याकाळी 'नेट दुप्पट पळवा' असा व्हिडिओ बघून त्यांनीच तो पत्ता बदलला होता. राजरत्नने राउटर उलटा केला. मागे पट्टी: पत्त्याचे आकडे, कालची तारीख, झोकदार सही. त्याने ती वाचली, भाऊंकडे एकदा पाहिलं आणि पत्ता नीट करून राउटर होता तसा ठेवला.

"सेटिंग उडालेलं, वहिनी. झालं आता."

साडेअकरा वाजून गेले होते. मेल येऊन पडली होती: वेळेवर हजर न राहिल्याने मुलाखत रद्द.

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजरत्न चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो चहा न घेताच गेला. वर उत्तराच डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे, बाबा. तुम्ही तरी माझ्यासाठी किती धावपळ केलीत."

हे त्यांना सोसेना. एकतीस वर्षांत लावलेली पट्टी त्यांनी कधी काढली नव्हती. ही नखाने सोलली. कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलेसुद्धा. मग परत फिरून त्यांनी ती उत्तरासमोर टेबलावर चिकटवली. तिने आकडे वाचले, तारीख वाचली, मग सही.

"राजरत्नला फोन लावतो," मान खाली घालून भाऊ म्हणाले. "स्पीकरवर. जिन्यात उभा राहून."