उसना पाचवा

त्या शनिवारी सकाळी मॉरिस नाश्ता करता करता म्हणाला, "लुसी, आज आम्ही चौघंच जातोय. हमदुल्लाला मी सांगितलं, घरी बस."

लुसी पिवळे शर्ट बॅगेत भरत होती. ती थांबली. "चौघं? बास्केटबॉल चौघांनी खेळतात होय?"

"नाही खेळत. म्हणून तर."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. त्यांच्या पोराच्या, रॉयस्टनच्या कॉलेजचा सीझन सुरू व्हायचा होता. त्याआधी तिथले कोच बाहेरच्या टीमला बोलवून मॅच घेतात. ती मॅच कुठे धरत नाहीत, हरलं काय जिंकलं काय. कोच नुसता बघतो, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं. मॉरिसची पिवळी टीम दरवर्षी अशीच फिरायची, आज दुबई, उद्या अजमान. सगळे नोकरीवाले, वजनदार बाप्ये. कॉलेजच्या पोरांना धक्के खायची सवय लागावी म्हणून त्यांना बोलवायचे. हे हरायचे, सँडविच आणि ज्यूस घ्यायचे आणि व्हॅनमध्ये बसायचे.

आणि एक रीत होती. पाहुणे कमी पडले तर घरच्या टीमने एक पोरगा उसना द्यायचा. चांगला पोरगा कोण देणार? जो नको असेल तोच देतात.

"कोच रॉयस्टनलाच देणार," मॉरिस म्हणाला. "शेवटच्या खुर्चीवर कोण बसतो, मला माहीत नाही का? त्यांच्याकडून त्याला दोन मिनिटं पण नाही मिळणार. आमच्याकडून अख्खी मॅच मिळेल, कोचच्या डोळ्यासमोर. ह्या वर्षी काढला तर मग खलास."

"त्याला सांगितलंस?"

"वेडी का काय? सांगितलं तर पायाला बँडेज बांधून बसेल."

"सगळ्या मित्रांसमोर, मॉरिस. पोराची इज्जत?"

"खुर्चीवर बसून कुठली इज्जत मिळते?" तो म्हणाला आणि चहाबरोबर बीपीची गोळी घेतली.

आमचा मॉरिस वसईचा. चर्चच्या मागच्या कोर्टवर खेळून मोठा झाला, रिंगला जाळी नव्हती तिथे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका कोल्ड स्टोअरला लागला, तिथेच सुपरवायझर झाला. घर शारजात, भाडं कमी म्हणून. रोज जाताना ट्रॅफिक, येताना ट्रॅफिक. घरी येऊन सोफ्यावर बसायचा तर बूट काढायचं पण त्राण नसायचं, लुसी काढायची. पण शनिवार आला की हा माणूस कुठून उठायचा देवाला ठाऊक. गुडघे गेलेले, पोट सुटलेलं, तरी पिवळा शर्ट घालायचा. रॉयस्टनला हात धरून त्यानेच बॉल शिकवला. पोरगा दोन वर्षं कॉलेजच्या टीममध्ये होता, पण बाकावरच.

कॉलेजच्या हॉलमध्ये पोचले तर कोच म्हणाला, "हबीबी, ओन्ली फोर?"

"एकाला ड्युटी लागली," मॉरिस म्हणाला. तोंड असं पाडलं की लुसीला पण क्षणभर खरं वाटलं.

कोचने मागे बघितलं. "रॉयस्टन. यल्ला, गो."

पोरं हसली. एक म्हणाला, "से हाय टू डॅडी." रॉयस्टनने हमदुल्लाचा शर्ट अंगात घातला, मांडीपर्यंत लोंबत होता. बापाजवळ येऊन हळूच म्हणाला, "फोर, डॅडी? रिअली?" आणि कोर्टवर गेला.

मॅच सुरू झाली. मॉरिस हातात आलेला प्रत्येक बॉल रॉयस्टनला द्यायचा. पोरगा रागात होता, रागातच पळत होता, आणि रागात बरा खेळला. बदली कोणी नव्हतं, म्हणून मॉरिस पण तेवढाच पळला. लुसी बाजूला बसून बघत होती, मॉरिसचं तोंड धाप लागून उघडं पडलेलं. ब्रेकमध्ये तिने पाणी दिलं. "बस झालं आता. बाहेर बस."

"मी बसलो तर चारच राहतील."

"आलात तेव्हा पण चारच होतात ना?"

तो हसला, मग त्याला खोकला आला. परत आत गेला.

हरले, नेहमीसारखे. शेवटी दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहतात, हात मिळवतात. रॉयस्टनने पिवळा शर्ट काढला, बॅगेत टाकला आणि जाऊन कॉलेजच्या लायनीत उभा राहिला. बाप समोर आला तेव्हा हात पुढे केला, खाली बघत म्हणाला, "गुड गेम." जसं बाकीच्यांना म्हणाला तसंच. मग होस्टेलवर निघून गेला.

व्हॅन टीममधला युसुफ चालवत होता. मॉरिस पुढे, लुसी मागे, मांडीवर ओल्या शर्टांची बॅग. शारजाच्या रस्त्याला गाड्या जागच्या हलेनात.

"बघितलंस?" मॉरिस पुढूनच म्हणाला.

"बघितलं."

"कोच त्याच्याकडेच बघत होता सारखा." मग जरा वेळाने, "युसुफ, एसी बढा दे यार." आणि डोकं काचेला टेकवलं.

मागच्या सीटवरून टीममधला जमाल म्हणाला, "सोने दो, थक गया है."

बिल्डिंगखाली युसुफने खांद्याला हात लावला. "यल्ला मॉरिसभाई, घर आ गया." मग त्याने परत हात लावला. मग नाकाशी बोट धरून बघितलं आणि इंजिन बंद केलं. लुसी बॅग धरून तशीच बसून राहिली. उतरायचं तिला सुचलंच नाही.

त्याला वसईला नेलं, तिथेच मातीला दिलं. मायलेक शारजाला परत आले तेव्हा रॉयस्टनचं नाव ह्या वर्षीच्या टीममध्ये आलेलं. तो होस्टेल सोडून घरी राहायला आला. लुसीने विचारलं, "खूश नाहीस?"

"दे टुक मी बिकॉज ही डाइड, मम्मी."

हमदुल्लाला डॅडीनेच घरी बसवलं होतं, हे लुसीच्या तोंडाशी आलेलं, पण बोलवेना. नुकता बाप गेलेला, त्यात अजून हे कशाला सांगायचं? तिने शर्ट धुतले. इतके दिवस बॅगेतच राहिलेले, आंबूस वास मारत होता, परत परत धुवावे लागले. मॉरिसचा शर्ट तिने कपाटात ठेवला.

एका संध्याकाळी हमदुल्ला टीमच्या शर्टांची बॅग न्यायला आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहाचा कप हातात तसाच. म्हणाला, "भाभी, मैं उस दिन आ जाता तो उनको इतना भागना नहीं पड़ता. लेकिन मॉरिसभाई बोला, तू मत आ, मेरा बेटा खेलेगा."

रॉयस्टन फ्रिज उघडून उभा होता. "व्हॉट?"

लुसी म्हणाली, "खरंय. हा यायला तयार होता. डॅडीनेच नको सांगितलं. तू अख्खी मॅच खेळावीस म्हणून."

"सो नोबडी हॅड ड्युटी."

"नाही."

"अँड यू न्यू."

"हो."

फ्रिज उघडाच, टूं टूं करत होता. रॉयस्टनने दार लावलं आणि विचारलं, "अंकल, सॅटरडे को अजमान में कितने लोग हो?"

"चार. कोई नहीं मिला तो उन्हीं से माँग लेंगे."

रॉयस्टन आत गेला. कपाटाचं दार वाजलं. बापाचा शर्ट घेऊन आला, कसातरी गुंडाळून बॅगेत कोंबला, चेन लावली.

"बेटा, ये तो उनका..."

"डोंट आस्क देम. आय'म कमिंग," रॉयस्टन म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

लुसीने चेन उघडली, शर्ट बाहेर काढला, मांडीवर घेऊन नीट घडी घातली आणि परत बॅगेत ठेवला.