एक चप्पल इथे, एक तिथे

देवळात जाताना मी चपला कधीच जोडीने काढत नाही. एक पायरीपाशी, दुसरी पार पाण्याच्या टाकीजवळ. आमच्या गावात सगळेच असं करतात. चोर एका पायाची चप्पल नेत नाही, यावर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास.

परवा पायरीवर एक अनोळखी म्हातारा बसला होता. त्याची नजर चपलांवरच. मी आत जाऊन हात जोडले खरे, पण जप सुरू झाला तो वेगळाच. चोर, भुरटा, उचल्या, भामटा. 'चोर' संस्कृतातला, चोरण्याच्या धातूवरून आलेला. 'उचल्या' तर अगदी सरळ, उचलतो तो. म्हणजे आधी करणी, मग नाव. पण इंग्रजांच्या सरकारने 'उचल्या', 'भामटा' ही नावं अख्ख्या जमातींना चिकटवली, तेव्हा पाळण्यातलं पोरही चोर ठरलं. तिथे नाव आधी आलं. करणीची कुणी वाटसुद्धा पाहिली नाही.

बाहेर आले तर माझ्या दोन्ही चपला पायरीशी शेजारी शेजारी.

"तुमच्या का ताई?" म्हातारा म्हणाला. "एक पार टाकीजवळ पडली होती. कुत्र्यानं ओढली असंल, म्हणून आणून ठेवली."

आमच्या गावची रीत त्याला ठाऊक नव्हती. त्याच्या स्वतःच्या झिजलेल्या चपला दारातच होत्या, जोडीने.

मी त्याला हसून नमस्कार केला आणि निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र पर्स उघडून पाहिली.