काळ्या जमिनीवरचं रक्त

गेल्या वर्षीच्या वणव्यात जळालेल्या त्या अमेरिकन डोंगरावर गवत नुकतंच परतलं होतं आणि गवतामागे एल्क, घोड्याएवढी हरणं. माझा मित्र विनय याची गोळी एका मादीच्या पोटात लागली आणि ती पळाली. जखमी जनावर सोडून जायचं नसतं, म्हणून आम्ही दुपारभर माग काढत राहिलो. कोळसा झालेल्या जमिनीवर रक्त दिसेना. विनय गुडघे टेकून राख चाचपू लागला.

"चल आता," मी म्हणालो.

"ती कुठेतरी जिवंत आहे रे."

वणव्यातून वाचलेला जीव आमच्या हौसेपायी तडफडत होता. ऊन उतरलं तसा विनय तिला हाका मारू लागला. मी त्याला थांबवलं नाही. थोड्या वेळाने मीही हाक मारली.