नापास फळी

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या वहिनीला सगळे चिकटवहिनी म्हणतात. एक तर ती डिंकाच्या बाकावर काम करते, आणि दुसरं म्हणजे एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नाही. मी तिची नणंद, बसते तिच्याच शेजारी. म्हणजे घरीही ती आणि कामावरही तीच! काय सांगू?

काम असं, की प्लास्टिकच्या लांब पट्ट्या डिंकाने जोडून फळी करायची. अशा चारशे फळ्यांची भिंत आम्ही चार वर्षं खपून तळघरात उभी केली, त्यालाही आता तीन वर्षं होत आली. न्यूट्रिनो नावाचे कण तिच्यातून कोटींनी आरपार जातात. एखादाच कुठल्यातरी अणूच्या गाभ्याला धडकतो, की भिंतीत उजेड चमकतो. धडका मोजायच्या, वजनावरून गाभे किती ते काढायचं, मग धडक बसण्याचा संभव किती ते कळतं. प्रयोगाच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, यांनी मला हे तीनदा समजावलंय. आता मी कुणालाही समजावते!

त्या दिवशी सकाळी बाई तोंड पाडून बाकाशी आल्या. हिशेबाने शंभर धडका हव्यात, तिथे एकशे दोन पडत होत्या.

"कुठेतरी खोट आहे. भिंत उतरवावी लागेल," त्या म्हणाल्या.

उतरवताना निम्म्या फळ्या तडकणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, डिंक किती धरलाय?" तिने विचारलं.

"आराखड्यात आहे तेवढाच. फळीला एक नळी, दोनशे चाळीस ग्रॅम."

एका नळीत पहिली फळी दुसऱ्याच दिवशी सुटली होती, तेव्हापासून वहिनी तीन नळ्या लावत होती. पट्ट्या चिकटवण्याआधी तोलायच्या, तयार फळी कुणी तोललीच नव्हती. मी बाकाखालून तिला चिमटा काढला. पण गप्प बसेल तर ती वहिनी कसली!

"मी तीन लावल्या. प्रत्येक फळीला," ती म्हणाली.

बाईंनी वजनांची यादी उघडली. "नुसत्या शब्दावर कसं लिहू? वजन हवं."

"वजन माझ्या स्वयंपाकघरात आहे."

खरंच होतं! तीन नळ्या लावूनही चीर गेलेली एक नापास फळी तिने रीतसर विचारून घरी आणली होती आणि लोखंडी सांगाड्यावर टेकवून जेवणाचं टेबल केलं होतं. त्या भंगारापायी मी सहा वर्षं तिचं डोकं खाल्लंय. आता मीच गाडीत सगळ्यांच्या आधी चढून बसले.

घरी दादा जेवत होता. वहिनीने ताट उचलून त्याच्या हातात दिलं आणि फळी उचलली. "अगं, अगं!" एवढंच तो म्हणाला.

फळीच्या खालच्या बाजूला वहिनीच्या अक्षरात कोऱ्या पट्ट्यांचं वजन होतं: चोवीस किलो एकशे दहा ग्रॅम.

"सहा वर्षांचा सांडलेला चहा यात मुरला नसेल ना?" बाईंनी विचारलं.

"रोज पुसते मी!" वहिनी फणकारली.

प्रयोगशाळेत परतून फळी काट्यावर ठेवली. काटा स्थिरावेपर्यंत माझा जीव टांगणीला. चोवीस किलो आठशे सव्वीस! वजाबाकी मी बोटांवरच केली. सातशे सोळा.

"चार ग्रॅम कमी," बाई पुटपुटल्या.

"तेवढा नळ्यांच्या तोंडाशी राहतो."

बाई भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे धावल्या. भराभर आकडे मांडले, खडू मोडला, दुसरा घेतला. जास्तीच्या डिंकातले गाभे धरल्यावर हिशेबही एकशे दोनवर आला! बाईंनी वहिनीला कडकडून मिठी मारली. मी तर चक्क नाचले, आणि नाचता नाचता रडू फुटलं. भिंत वाचली! वजनांच्या यादीत बाईंनी ठसठशीत अक्षरात 'डिंक, तीन नळ्या' अशी दुरुस्ती केली आणि फळी नमुना म्हणून ठेवून घेतली.

संध्याकाळी घरी आलो, तर दादा रिकाम्या सांगाड्यापाशी उभा.

"माझं टेबल कुठंय?"

वहिनीने चपला काढल्या, मग ती घटाघटा पाणी प्यायली.

"पास झालं," ती म्हणाली. "नोकरीला लागलं."